डिझाइनला पूर्णविराम कधी?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः यंत्र बांधायचे आणि इतर महाविद्यालयांच्या यंत्रांसमोर ते चालवून दाखवायचे, ही गोष्ट महाराष्ट्राला आता नवी राहिलेली नाही. खाचखळग्यांच्या वाटेवर धावणाऱ्या एकआसनी गाडीची ‘बाहा’ स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली आणि २००७ पासून ती भारतातही, इंदूरजवळच्या पीथमपूरला भरू लागली. छोट्या रेसिंग कारची ‘फॉर्म्युला भारत’ कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. यंत्रमानवांच्या ‘रोबोकॉन’ची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषयच दहीहंडी होता. चार वर्षांच्या पदवीत सर्वांत खरे शिक्षण याच वर्कशॉपमध्ये झाले, असे या संघांतून बाहेर पडलेली मुले सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती नसते. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट मांडायला हवी. या संघांची यंत्रे स्पर्धेत अडतात, ती बहुतेक वेळा हुशारी किंवा पैसा कमी पडला म्हणून अडत नाहीत. यंत्र बांधून झाल्यावर ते चालवून, मोडून, पुन्हा दुरुस्त करून पाहायला वेळच उरलेला नसतो. वेळ उरत नाही, कारण डिझाइन थांबवायची तारीख तक्त्यावर लिहिलेली असते आणि कोणी पाळत नाही. ती पाळून घेण्याचे काम आपण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर सोडून मोकळे झालो आहोत. माझ्या मते निम्म्याहून अधिक जबाबदारी महाविद्यालयाची आहे.

या स्पर्धांचे गुणपत्रक नीट वाचले तरी हे लक्षात येते. मूळ अमेरिकी बाहाच्या १,००० गुणांपैकी ४०० गुण एकाच चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीला आहेत. छोट्या रेसिंग कारच्याच अमेरिकी ‘फॉर्म्युला एसएई’ स्पर्धेच्या नियमांत ७५ मीटरच्या सरळ धावेला, म्हणजे निव्वळ वेग दाखवायला, १०० गुण मिळतात. २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला मात्र २७५ आणि त्याच धावेतल्या इंधनबचतीला १०० गुण आहेत. गाडी विसाव्या किलोमीटरला बंद पडली, तर एन्ड्युरन्सचे जवळजवळ सगळे गुण हातचे जातात आणि इंधनबचतीचे तर मिळतच नाहीत. नियम लिहिणाऱ्यांना काय हवे आहे, हे यातून लख्ख दिसते. त्यांना टिकणारी गाडी हवी आहे. बाहात तर अनेक वर्षे सगळ्या संघांना १० अश्वशक्तीचे एकाच बनावटीचे इंजिन वापरावे लागे आणि त्याला हात लावायची मुभा नसे. इंजिन सारखेच असल्यावर फरक पडतो तो उरलेल्या सगळ्यात: सस्पेन्शन, ट्रान्समिशन, ब्रेक, वजन आणि हे सगळे किती दिवस चालवून तपासले आहे, यात. शर्यतीच्या आधी तांत्रिक तपासणी असते आणि तिथे ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम लॉक झाली पाहिजेत. ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी पेडल मऊ पडते आणि चाके लॉक होत नाहीत. ब्रेक ब्लीड करणे, म्हणजे ही हवा काढून टाकणे, हे कोणत्याही गॅरेजमधला पोऱ्या करतो ते काम. तरीही वर्षभर राबलेले संघ या चाचणीपाशी तासन् तास अडून बसतात, कारण गाडी ट्रेलरवर चढेपर्यंत ती आपल्या पायांवर धडपणे धावलेलीच नसते.

उशीर नेमका कुठे शिरतो, हे समजायला गाडीचा सांगाडा जवळून पाहावा लागेल. बाहाच्या रोलकेजला साधारण २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेली पोलादी पाइप लागते. एक पाइप दुसरीवर चपखल बसावी म्हणून तिचे टोक माशाच्या तोंडासारखे गोलाईत कापतात, ग्राइंडरने घासतात, पुन्हा लावून पाहतात. फट राहिली की वेल्डरला ती जास्त धातू ओतून भरावी लागते, उष्णता जास्त जाते आणि थंड होताना जॉब ओढला जातो. म्हणून सांगाडा आधी फिक्स्चरमध्ये आवळायचा, सगळीकडे नुसते टॅक मारून घ्यायचे, मापे तपासायची आणि मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे करत पूर्ण वेल्डिंग करायचे. घाईत फिक्स्चरला फाटा दिला किंवा एकाच बाजूचे सांधे सलग मारले, तर सस्पेन्शनचे आर्म जिथे अडकतात त्या पट्ट्या तीन-चार मिलिमीटरने सरकतात. संगणकावर पुढचे चाक खड्ड्यातून सरळ वरखाली होत होते. जमिनीवर तेच चाक वर जाताना आपोआप वळू लागते आणि चालकाच्या हातातले स्टीअरिंग ओढ खाते. हा दोष चित्रात दिसत नाही, गाडी मातीवर चालवली तरच दिसतो. दिसल्यानंतर पट्ट्या कापून नव्याने वेल्ड करायला फारतर दोन-तीन दिवस लागतात. अडचण अशी की ते दोन-तीन दिवस तेव्हा शिल्लक नसतात.

शिवाय यंत्रातला कोणताही भाग एकटा नसतो. टायर आणि रिम ठरल्याशिवाय हब ठरत नाही. हब ठरल्याशिवाय नकल आणि बेअरिंग ठरत नाहीत, नकलशिवाय सस्पेन्शनचे बिंदू नाहीत आणि त्या बिंदूंशिवाय रोलकेज पक्का होत नाही. ऑक्टोबरमध्ये कुणाला ब्रेक डिस्क जरा मोठी असावी असे वाटले, की रिमच्या आत जागा पुरेनाशी होते, हब बदलतो आणि ऑगस्टमध्ये पक्के झालेले ड्रॉइंग पुन्हा उघडते. सुचवणाऱ्याचे म्हणणे बरोबर असते, डिस्क मोठी असती तर ब्रेक खरोखर अधिक चांगला लागला असता. पण त्या सुधारणेची किंमत ग्रॅममध्ये किंवा रुपयांत मोजून भागत नाही, ती चाचणीच्या आठवड्यांत मोजावी लागते आणि आपल्या संघांत ती तशी मोजायची पद्धतच नाही. कॅडमध्ये भाग बदलणे इतके सोपे झाले आहे, की बदल फुकट असतो असा भ्रम होतो. मग डिझाइनचे भिजत घोंगडे दसऱ्यापर्यंत तसेच पडून राहते.

माणसाला स्वतःच्या कामाचा अंदाज नीट येत नाही, याचा पुरावा जुना आहे. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हा दोष नेमका मांडला. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले. सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस. सगळे वाईटात वाईट घडले तर किती, असे विचारल्यावर उत्तर आले ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. सर्वांत निराशावादी अंदाजसुद्धा आशावादी ठरला. हे एकट्याने टेबलावर बसून करायचे काम होते. आपल्या संघांत पंचवीस-तीस जण, चार विभाग, भोसरी-चाकणचे व्हेंडर, लेथवाल्याकडची रांग आणि हीट ट्रीटमेंटला गेलेले गिअर एवढे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. त्यात आपले कॅलेंडर. यंत्र प्रत्यक्ष घडवायचे महिने नेमके गणपती, खंडेनवमी आणि दिवाळीचे. दिवाळीत छोटी वर्कशॉप आठवडाभर बंद असतात, कारागीर गावी जातात आणि परत यायला आणखी काही दिवस घेतात. त्याच सुमाराला सबमिशन, ओरल आणि सत्रान्त परीक्षा येतात. ही सगळी अडचण तारीखवार आधीच माहीत असते. तरीही संघांच्या तक्त्यात नोव्हेंबर हा जुलैइतकाच मोकळा महिना म्हणून रंगवलेला असतो.

उपाय आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लग्नाचा मुहूर्त निघाला की कोणीही आजपासून पुढे मोजत बसत नाही, मुहूर्तापासून मागे मोजतात: कार्यालय केव्हा ठरवायचे, पत्रिका केव्हा छापून हव्यात, आहेराची खरेदी केव्हा उरकायची. यंत्राचेही तसेच करायला हवे. स्पर्धेच्या दिवसापासून मागे येत आधी चाचणीचे आठवडे कापून बाजूला ठेवायचे आणि त्यांना कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. माझ्या मते हा काळ एकूण वेळेच्या किमान एक तृतीयांश असावा. त्याच्या आधी असेंब्ली, त्याच्या आधी फॅब्रिकेशन आणि जे उरेल तेवढेच डिझाइनसाठी. असा हिशेब केला की डिझाइनला मिळणारा वेळ धक्का बसण्याइतका थोडा निघतो आणि तेच या हिशेबाचे मोल आहे. थोड्या वेळात काय जमेल, हा प्रश्न मग पहिल्याच बैठकीत विचारावा लागतो. गिअरबॉक्स स्वतः बनवायचा की तयार घ्यायचा, हा याच जातीचा निर्णय. बाहाच्या भारतीय संघांपैकी अनेकांनी महिंद्राच्या ‘अल्फा’ या तीनचाकीचा तयार गिअरबॉक्स वर्षानुवर्षे वापरला. तो जड आहे आणि त्याचे गुणोत्तर हवे तसे मिळत नाही. पण त्याचे सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात आणि तो मोडला तर का मोडला, हे सांगणारे मिस्त्रीही भेटतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या संघाने तो घेतला, तर मला त्यात कमीपणा दिसत नाही. स्वतःचा गिअरबॉक्स बनवायची धमक असेल, तर ते काम एक वर्ष आधी, चालू गाडीवर त्याचा भार न टाकता सुरू करावे.

महाराष्ट्रातच याचे उत्तम उदाहरण आहे आणि ते गाडीचे नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या यानातून श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्या दिवशी यानात वीस उपग्रह होते. ‘स्वयम्’ त्यांतला अगदी छोटा, एक किलोपेक्षाही हलका, दहा सेंटिमीटर बाजूचा घन. एवढ्याशा यंत्राला सुमारे आठ वर्षे लागली, म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ते विद्यार्थी उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडलेले होते. काम टिकले, कारण एका तुकडीने दुसऱ्या तुकडीच्या हाती ते नीट सोपवले. उपग्रहाची दिशा अवकाशात स्थिर ठेवायची कशी, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही समजून घेण्यासारखे आहे. मोटारी, फिरती चाके, त्यांना लागणारी वीज आणि ते सगळे चालवणारे सॉफ्टवेअर हा एक मार्ग होता. त्यांनी आत कायमचा चुंबक बसवला आणि उपग्रहाला होकायंत्राच्या सुईसारखे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळते होऊ दिले. त्याला वीज लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. कल्पकता इथे आहेच आणि ती आपल्याला पूर्ण तपासता येईल अशा रचनेच्या शोधात खर्ची पडली आहे. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. त्यालाही बरीच वर्षे आणि विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या लागल्या. एकदा उडालेल्या उपग्रहाला पाना लावता येत नाही, म्हणून इस्रो टप्प्याटप्प्याला परीक्षण करते आणि कंपन व तापमानाच्या चाचण्या झाल्याशिवाय यानात जागा देत नाही. विद्यार्थी तेच, महाविद्यालये तीच. फरक इतकाच, की इथे तारखा आणि चाचण्या पाळून घेणारे कोणीतरी बाहेर उभे होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो कल्पकतेचा. डिझाइन लवकर गोठवले तर मुले जुन्याच गाडीची नक्कल करत राहतील, शिकायच्या वयात त्यांना बांधून टाकू नये, असे अनेक प्राध्यापक मनापासून मानतात. आक्षेप गंभीर आहे. दरवर्षी तोच रोलकेज दोन इंच इकडे-तिकडे करून नेणारे संघ आहेतच. परंतु नवी कल्पना खरी ठरली की नाही, हे कळायला तिची चाचणी व्हावी लागते. जानेवारीत घाईघाईने बसवलेले नवे सस्पेन्शन स्पर्धेत मोडले, तर कल्पना चुकली, वेल्डिंग चुकले की बोल्ट ढिला राहिला, हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या वर्षीचा संघ मग ती कल्पनाच टाकून देतो. म्हणजे कल्पकता मारायचे काम उशीरच करतो. संघाने दोन वह्या ठेवाव्यात. एका वहीत या वर्षीची गाडी, तिची तारीख आली की बंद. दुसरीत पुढच्या वर्षीच्या कल्पना, ती बाराही महिने उघडी. ऑक्टोबरात सुचलेली मोठी ब्रेक डिस्क दुसऱ्या वहीत जाईल आणि तिथे तिला हिशेब करायला, नमुना बनवायला, जुन्या गाडीवर लावून पाहायला पुरा वेळ मिळेल. शिवाय डिझाइनच्या फेरीत परीक्षक विचारतात तो प्रश्नही हाच असतो: तुमचे गणित आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत किती अंतर पडले? ज्या संघाने मोजलेच नाही, त्याच्याकडे कितीही रंगीत स्ट्रेस ॲनालिसिस असले, तरी या प्रश्नाला उत्तर नसते.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे आणि तो जुन्या विद्यार्थ्यांकडून येतो. रात्र-रात्र जागून, आयत्या वेळी जुगाड करून गाडी उभी केली, त्यातूनच आम्ही घडलो, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असे ते म्हणतात. त्यांच्या कष्टांबद्दल आणि त्यांच्यातल्या मैत्रीबद्दल मला आदर आहे. ट्रॅकवर अचानक टाय रॉड वाकला आणि दुसऱ्या संघाकडून उसना घेऊन वीस मिनिटांत बसवला, तर ते कसब खरोखर अभियंत्याचे आहे. पण दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच कारणांनी येणारे संकट अचानक आलेले नसते. दोन रात्री न झोपलेल्या मुलाच्या हातात ग्राइंडर देणे धोक्याचे आहे आणि त्याने आवळलेल्या बोल्टवर दुसऱ्या मुलाचा जीव असतो. फॉर्म्युला एसएईच्या नियमांत लॉक नटच्या बाहेर बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत, अशी अट आहे. इतकी बारीक गोष्ट पहाटे तीन वाजता डोळ्यांतून निसटते. शेवटच्या महिन्यात ज्युनिअरांची फौज कामाला लावणे हाही उपाय नाही. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सॉफ्टवेअरच्या संदर्भात लिहून ठेवले आहे. त्याचे कारण इथेही लागू पडते: नव्याला शिकवायला जुन्याचा वेळ जातो आणि तोच तर शिल्लक नसतो.

तिसरा आक्षेप महाविद्यालयांचा: विद्यापीठाचे वेळापत्रक आमच्या हातात नाही, खरेदीला तीन कोटेशने लागतात, निधी मंजूर व्हायला वेळ लागतो. यातले पहिले काही अंशी खरे आहे, बाकीचे बदलता येते. बाहाची गाडी उभी करायला काही लाख रुपये लागतात आणि ते दरवर्षी लागतात, मग त्यांची मंजुरी दरवर्षी सप्टेंबरात नव्याने का मागावी लागते? पाइप, बेअरिंग, ब्रेकचे भाग यांची यादी फारशी बदलत नाही. तिची कोटेशने जूनमध्ये मागवून ठेवली तर पूर्ण महिना वाचतो, तोही एक रुपया जास्त न घालता. वर्कशॉपची दारे संध्याकाळी पाचला बंद होतात, म्हणून मुले बाहेर पैसे मोजून काम करून घेतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक अनुभवी इन्स्ट्रक्टर थांबला, तरी बराच फरक पडेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्रेयांक. स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यासक्रमाची बरीच मोकळीक आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवातून शिकण्यावर भर देते. मग या कामाला अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा दर्जा द्यावा आणि गुण देताना पदक आले की नाही हे पाहू नये. डिझाइन ठरल्या दिवशी गोठले का, गाडी ठरल्या आठवड्यात मातीवर आली का, काय मोडले आणि का मोडले याची नोंद आहे का आणि पुढच्या तुकडीला ती वाचून कळते का, हे पाहावे. विभागप्रमुखांनी इस्रोसारखे बाहेरचे परीक्षक बोलवावेत. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत याच संघांतून गेलेले अनेक अभियंते आहेत आणि वर्षातून तीन शनिवार मागितले, तर ते आनंदाने देतील.

एवढा खटाटोप पंचवीस-तीस मुलांसाठी कशाला, असेही कोणी विचारील. पण ही मुले पुढे कारखान्यांत, रेल्वेत, धरणांवर, रुग्णालयांच्या यंत्रांवर काम करणार आहेत आणि आयत्या वेळी चाचणी गाळायची सवय त्यांना इथेच लागली तर ती त्यांच्याबरोबर तिथेही जाईल. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की संघांच्या निवडी होतील, निधीचे अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर येतील. त्या अर्जावर सही करण्याआधी प्राचार्यांनी गाडी पहिल्यांदा मातीवर कधी उतरणार, ती तारीख त्यात लिहून घ्यावी आणि त्या दिवशी स्वतः वर्कशॉपच्या मागच्या मैदानावर हजर राहावे.